रंग वाळेपर्यंतचा अध्याय

मंगळवार, ३ जून

फसवले! मला न विचारता यांनी माझे नाव देऊन टाकले.

"एक नाव कमी पडत होतं, म्हणून तुझं घातलं," म्हणाले — वाण्याकडे सुटे पैसे नव्हते म्हणून गोळी घेतली, अशा थाटात.

प्रकार असा. कोपऱ्यावर छंदाच्या वस्तूंचे दुकान आहे. तिथे दरवर्षी महिनाभराची एक गंमत चालते. अंगठ्याएवढे पुतळे न्यायचे, महिन्याभरात रंगवायचे आणि शेवटच्या रविवारी दुकानातल्या लांब टेबलावर मांडायचे. बक्षीस नाही. ज्याचे अपुरे राहतील त्याने सगळ्यांना चहा करून पाजायचा, एवढीच शिक्षा. हे घड्याळे दुरुस्त करीत असत. दुकान बंद केल्यापासून बोटे स्वस्थ बसत नाहीत, म्हणून दरवर्षी घोडेस्वार आणून रंगवतात. आजवर माझा त्यातला वाटा म्हणजे टेबलावरचे डाग पुसणे.

"आयुष्यभर मुलांना विभक्त्या शिकवल्या मी. या वयात हे कुठलं खूळ?"

"मग पुतळ्यांना शिकव. उलट तरी बोलणार नाहीत."

दुकानदाराला सगळे 'भिंग' म्हणतात. कपाळावर भिंग चढवलेले असते आणि तो ते गिऱ्हाइकाशी बोलतानाही उतरवत नाही. मी त्याला स्पष्ट सांगितले, तलवारी-बंदुका मला नकोत. त्याने गावातली साधी माणसे काढून दिली — रस्त्यावरचे दिवे लावणारा कंदीलवाला, एक लोहार, पुस्तकात नाक खुपसलेला म्हातारा आणि डोक्यावर घडा घेतलेली एक बाई.

बाईचा चेहरा तांदळाएवढा. तेवढ्यातही तिची मान अवघडलेली दिसते! कोणी घडवली असेल?

गुरुवार, ५ जून

पहिला धडा. हे गुरू आणि मी शिष्या. लग्न झाल्यापासून प्रथमच पाटी उलटी झाली आहे आणि यांना त्याचा काय तो आनंद!

पुतळा बाटलीच्या बुचावर चिकटवायचा, म्हणजे बोट न लावता फिरवता येतो. आधी करडे अस्तर. त्यावर रंगाचे दोन हात, तेही पातळ. "रंग दुधासारखा हवा. सायीसारखा झाला की कपड्याच्या घड्या बुजल्याच म्हणून समज." हे इतक्या वेळा बजावले की मी म्हटले, अहो, माझे पाठांतर चांगले आहे. पहिला हात पुरता वाळल्याखेरीज दुसरा द्यायचा नाही.

"वाळायला किती वेळ लागतो?"

"तुझा तो सकाळचा अध्याय म्हण. संपला की बोट लाव."

बोलले चेष्टेने, पण उपाय नेमका निघाला. हा अध्याय मला वडिलांनी शिकवला, पोथी हाती न देता. एक चरण ते म्हणत, एक मी. लय त्यांनी अशी बांधून दिली आहे की सुखाच्या दिवशी ती धावत नाही आणि दुःखाच्या दिवशी रेंगाळत नाही. आई गेली त्या दिवशीही ती तशीच चालली होती.

कंदीलवाल्याच्या कोटाला पहिला हात दिला आणि खिडकीपाशी आसनावर जाऊन बसले. टेबलाकडे पाठ, डोळे मिटलेले. शेवटचा श्लोक झाला, उठले, करंगळी लावली. खडखडीत कोरडा!

"बघ," हे म्हणाले, "माझ्या सगळ्या घड्याळांपेक्षा तुझा देव वक्तशीर."

शनिवार, ७ जून

कंदीलवाला पुरा. लोहाराचे चामडी आवरणही झाले. एक हात, एक अध्याय. दुसरा हात, दुसरा अध्याय. दिवसात दोनदा पाठ घडतो आहे, जो एरवी आळसाने राहून गेला असता.

यांचे म्हणणे, "देवाला शंका येईल. म्हणेल, बाई काहीतरी मोठं मागणार आहे."

मंगळवार, १० जून

घडेवालीला हात घातला. अंगावर पायघोळ निळा झगा द्यायचा ठरवले. घड्या फार आहेत, नदीच्या पात्रासारख्या. पातळ, पातळ, पातळ!

यांनी सकाळी चहा घेताना विनोद केला — "माझ्या सेनापतीपेक्षा त्याचा घोडाच विचारी दिसतो, बहुधा लढाई तोच आखतो." मी हसले. दुपारी जेवताना तोच विनोद पुन्हा, तितक्याच चवीने. पुन्हा हसले. संसारात एवढे करावेच लागते.

बुधवार, ११ जून

अध्याय संपला, करंगळी लावली — आणि करंगळी निळी! रंग ओला होता. घडेवालीच्या पाठीवर माझ्या बोटाचा ठसा.

हवा दमट असेल.

गुरुवार, १२ जून

आज पुन्हा ओला.

हवेवर ढकलावे म्हटले, तर यांचे घोडे त्याच टेबलावर, त्याच हवेत वाळले होते. रंग तोच, बशी तीच, पाण्याचे थेंब तेवढेच. मग कमी पडले काय? वेळ. आणि वेळ मी मोजते कशाने? अध्यायाने.

म्हणजे अध्याय आखूड झाला आहे.

हे वाक्य लिहिले आणि पुढे लेखणी चालेना. उठून पाणी पिऊन आले. आता सरळ लिहिते. म्हणताना मधले श्लोक माझ्याकडून गळत आहेत. मी एका श्लोकावरून उडी मारून पुढच्यावर जाते आणि जिभेला, कानाला, मनाला पत्ताही लागत नाही. चुकले असे वाटले असते तर ती साधी चूक होती. मला तर पाठ पूर्ण झाल्याचे समाधान वाटले होते! शेवटी हात जोडले होते!

शनिवार, १४ जून

पोथी काढली. कित्येक वर्षांत या अध्यायाचे पान उघडण्याची वेळ आली नव्हती. वाचत गेले. प्रत्येक श्लोक ओळखीचा, प्रत्येक शब्द जिभेवर आधीच येऊन बसलेला. वाचताना काहीच हरवलेले सापडत नाही. जे गळते ते म्हणताना गळते, आणि म्हणताना समोर पान नसते.

घड्याळ लावून पाहावे, असेही मनात आले. घरात घड्याळांना तोटा नाही! पण या अध्यायाला पूर्वी किती वेळ लागत होता हे मला कधी ठाऊकच नव्हते. ताडून पाहणार कशाशी?

आईची आठवण येते. सुरुवात अशीच झाली होती. आधी ती आरतीत एक कडवे दोनदा म्हणू लागली. मग दूध उतू जाऊ लागले. मग एके दिवशी माझ्याकडे पाहून अदबीने म्हणाली, "मास्तरीणबाई, आमची मुलगी अभ्यासात कशी आहे हो?" मी म्हटले, "चांगली आहे." शेवटपर्यंत ती मला मुलीची प्रगती विचारीत राहिली.

तिच्या तेव्हाच्या वयाला मी आता पोचले आहे.

सोमवार, १६ जून

स्वयंपाकघरात जळका वास. धावले. गॅस चालू, वर रिकामे पातेले, तळ काळाठिक्कर.

हे दारात उभे. "गॅस तू ठेवलास की मी?"

"मीच," म्हटले. काही आठवत नव्हते. पातेले ठेवल्याचे नाही, काडी ओढल्याचे नाही. काहीच नाही! आठवत नाही, म्हणूनच तर ते काम माझे.

"असू दे गं. पातेल्यालाही अस्तर झालं."

हसता आले नाही. राखेने घासत बसले. बराच वेळ घासले.

मंगळवार, १७ जून

आज रंग वेळेवर वाळला! हे केस कापायला गेले होते, घरात शांतता होती, चित्त एकाग्र झाले. म्हणजे अजून सगळे गेलेले नाही.

गुरुवार, १९ जून

पुन्हा ओला.

सकाळी न्हाणीघरातला नळ वाहताना सापडला. दुपारी किल्ली साखरेच्या डब्यात. साखरेच्या डब्यात! यांनीच शोधून काढली आणि वर "गोड किल्ली" म्हणून मला दाखवली. मी ती धुऊन खुंटीला अडकवली.

मुलीचा फोन आला होता. दूर असते, आठवड्यातून एकदा बोलते.

"आई, आवाज असा का येतोय?"

"घसा बसलाय."

"बाबा बरे आहेत ना? मागच्या वेळी मला दोनदा विचारलं, नोकरी लागली का म्हणून. अहो बाबा, म्हटलं, मी निवृत्तीचे दिवस मोजतेय!"

"त्यांची थट्टा तुला माहीत नाही का?"

सांगणार होते. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण एकदा सांगितले की ती उद्या इथे येईल, डॉक्टर येतील, गोळ्या येतील, आणि सगळे माझ्याशी सावकाश, मोठ्या आवाजात बोलू लागतील. आईशी आम्ही तसेच बोलत असू.

घशाला मध घे, म्हणाली.

शनिवार, २१ जून

आज दुकानात मधली पाहणी. सगळ्यांनी अर्धेमुर्धे पुतळे आणायचे, एकमेकांचे पाहायचे, थोडी टिंगल, थोडे सल्ले. यांचे घोडेस्वार सर्वांना आवडले. एकाच घोड्याला दोन रंगांची शेपटी झाली आहे, भिंगने विचारले तर हे म्हणाले, "वयात आलाय तो." दुकान हसले.

मंडळींत एक दातांची डॉक्टरीण आहे. हात तिचा असा स्थिर की पुतळ्याच्या कोटाला गुंड्यासुद्धा रंगवते. माझा कंदीलवाला तिने उचलला आणि मान डोलावली.

"काकू, पहिल्याच वर्षी? हात किती पातळ आहे तुमचा!" मग घडेवाली उचलली. "हिला मात्र थंडी वाजत होती वाटतं. घोंगडंच घातलंत!"

मी पाहिले. चष्मा पुसून पाहिले. नदीच्या पात्रासारख्या त्या घड्या — एकही उरलेली नाही. सगळ्या निळ्या लेपाखाली बुजलेल्या.

भिंगने कपाळावरचे भिंग डोळ्यांवर ओढले. "एक-दोन हात नाहीत हे. थरावर थर आहेत. छान दिलेत, सारखे दिलेत, पण फार दिलेत."

मी म्हटले, "हो, जरा जास्तच झाले."

प्रत्येक वेळी मी एक हात दिला होता. एक. शपथेवर सांगते — पण माझ्या शपथेला आता अर्थ काय?

तर गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. श्लोक गळतात ते वेगळे. मी रंगाचा हात देते, विसरते, पुन्हा देते, पुन्हा विसरते. आसनावरून उठून टेबलापाशी जाते की काय? पाठ चालू असताना उठते? परत येऊन बसते? आणि त्यातले काहीच मला आठवत नाही?

परतताना यांनी माझा हात धरला होता. रस्ता ओलांडून झाल्यावरही सोडला नाही. यांना कळले असेल का?

रविवार, २२ जून

आज पाठ केला नाही. समजू लागल्यापासून असा दिवस गेलेला आठवत नाही. आसनावर बसले, पहिला शब्द ओठांवर घेतला आणि पुढे म्हणायची भीती वाटली. म्हटला तर गळेल. न म्हटला तर निदान आहे तसा आत राहील, असे काहीसे.

वेडेपणा आहे. न म्हटलेला पाठ अधिकच लवकर जातो, हे मीच मुलांना सांगत आले.

शास्त्र सांगते की अंतकाळी ज्याचे स्मरण होते तीच गती मिळते. हे मी किती जणांना समजावून सांगितले! किती शांतपणे! म्हणून तर जन्मभर म्हणायचे, म्हणजे त्या क्षणी ओठ आपोआप हलतात. पण स्मरण करणारीच आधी निघून गेली तर? शरीर इथे पडलेले, श्वास चालू, आणि आत बोलावणारे कोणी नाही. त्या गतीला काय म्हणतात? ग्रंथांनी याविषयी काही सांगितले असेल. असेलच. मला आठवत नाही. आता "आठवत नाही" हे दोन शब्द लिहितानाही अंगावर काटा येतो.

देवा, गुडघे ने. दृष्टी ने. ऐकू येणे ने. हे एक माझ्यापासून घेऊ नकोस.

मंगळवार, २४ जून

सकाळी यांना सांगितले, "मी या खेळातून बाहेर पडते. चहा मी करीन सगळ्यांना."

यांचा चेहरा एकदम उतरला. मला वाटले होते, टोमणा मारतील. नाही.

"नको गं. तू ये. तू नसलीस तर मी पण जात नाही."

"इतकी वर्षं एकटेच जात होतात की!"

"तेव्हाची गोष्ट वेगळी." मग रंगाच्या बाटल्या सरळ करीत — "तू बरोबर असलीस की बरं पडतं मला."

असे हे कधी बोलत नाहीत. माझ्यासाठीच बोलले, हे उघड आहे. मला सांभाळून घेत आहेत. मला एकटीला घरी ठेवायची यांना भीती वाटते आहे. "बरं," म्हटले आणि आत येऊन तोंड धुतले.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. पुतळ्यावरचा रंग काढता येतो, म्हणाल्या. औषधात बुडवून ठेवायचा आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने घासायचा. "दात समजा, काकू. हिरड्या नाहीत, तेवढं बरं." दुपारी घासले. निळे पापुद्रे एकावर एक सुटत गेले, कांद्याचे सुटावेत तसे. प्रत्येक पापुद्रा म्हणजे माझी एक हरवलेली घटका. खाली ती मान, त्या घड्या, सगळे जसेच्या तसे होते.

घासताना एक निश्चय केला. भीत बसण्यात अर्थ नाही. कोणीतरी पोथी हातात धरून माझा पाठ ऐकला पाहिजे. हे नकोत, यांना कळले तरी मला सांगणार नाहीत. मुलगी नको. उरल्या व्याकरणाच्या बाई. शाळेत माझ्या शेजारच्या वर्गावर असत. कोणाचीही गय न करणारी बाई. मुख्याध्यापकांच्या निरोपाच्या भाषणातले लिंगदोष त्यांनी भर सभेत मोजले होते.

फोन केला. "कशासाठी?" म्हणाल्या.

"परीक्षेसाठी," म्हटले.

गुरुवार, २६ जून

व्याकरणाच्या बाई आल्या. काठी दारात टेकवली, पाणी घेतले, चष्मा बदलला, पोथी मांडीवर घेतली आणि बोट पहिल्या ओळीवर ठेवले. हे बाहेरच्या खोलीत घोड्यांशी बसले होते. मधले दार मी लोटून घेतले.

"हं. म्हण."

पहिल्या श्लोकाला आवाज कापला. तिसऱ्या-चौथ्यापासून वडिलांची लय सापडली आणि मग मी तिच्या मागून चालले. प्रत्येक श्लोकाच्या शेवटी वाटे, आता बोट थांबेल. आता त्या चष्म्यावरून पाहतील. दुप्पट भीती जिथे दोन श्लोकांची सुरुवात सारखी आहे तिथे. तीही वळणे गेली. बोट सरकत राहिले. त्यांचे ओठही हलत होते.

संपले. मी डोळे उघडले नाहीत.

"झालं?" मी विचारले.

"झालं की."

"किती गळले?"

"काय गळले?"

"श्लोक, बाई! किती सोडले मी?"

त्यांनी पोथी मिटली. "एक अक्षर सोडलं नाहीस. एक मात्रा नाही. विसर्ग तर इतके स्वच्छ की माझेच मला लाजिरवाणे वाटले. हे विचारायला मला दोन जिने चढायला लावलेस?"

मला रडू फुटले. त्यांना वाटले, भक्तीने. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला — त्या बाईने! मग सगळे सांगितले. ओला रंग, थर, गॅस, किल्ली, आई.

"अगं, रंग वाळला नाही तर रंगाला विचार. अध्यायाला काय धरतेस?"

जाताना यांना म्हणाल्या, "तुमच्या मंडळींची स्मृती तल्लख आहे हो."

"ठाऊक आहे," हे म्हणाले. "म्हणून तर मी निर्धास्त असतो."

शुक्रवार, २७ जून

किती दिवसांनी झोप लागली! सकाळी पाठ म्हणताना आवाज खिडकीबाहेर गेला असावा. खालचा माळी वर पाहत होता.

आता एकेक कोडे किती सोपे वाटते. निळी बाटली जुनी असणार. जुना रंग चिकट होतो, उशिरा वाळतो. थर? उत्साहाच्या भरात दिले असतील जाड, आणि मानले पातळ. नवशिकी आहे मी. गॅस कोणाच्या घरी राहत नाही? मन एकदा भ्याले की दोरीचा साप करते, हे दृष्टान्त देऊन शिकवणारीच दोरीला भ्याली!

देवाने ऐकले. मी मागितले ते एकच होते आणि ते त्याने माझ्यापाशी ठेवले.

शनिवार, २८ जून

भिंगकडून नवी निळी बाटली आणली. घडेवालीला नवे अस्तर आणि निळ्याचा पहिला हात. हे दुकानातल्या टेबलाची मांडणी ठरवायला गेले होते. भिंगचा माणूस येऊन यांना घेऊन गेला. अध्याय संपला, करंगळी लावली — कोरडा! पाहा, बाटलीच!

म्हाताऱ्याच्या पुस्तकाला पिवळसर पाने दिली. डोळे द्यायचे राहिले होते, तेही दिले. एक डोळा जरा मोठा झाला आहे. विद्वान दिसतो.

उद्या शेवटचा हात, आणि चौघेही तयार. चहा दुसरे कोणीतरी करील!

रविवार, २९ जून

सकाळी शेवटचा निळा हात दिला. गुडघा धरला होता, म्हणून आसनावर न जाता खुर्चीतच बसले, टेबलाकडे तोंड करून. अध्यायाच्या मध्यावर डोळे उघडले गेले.

घडेवाली यांच्या हातात होती. माझ्याच ब्रशने तिला निळा देत होते — सावकाश, जीभ दातांत धरून, फार सुंदर. बूच खाली ठेवले. थोडा वेळ घोड्यांकडे पाहिले. मग तिला पुन्हा उचलले, प्रथमच पाहावे तसे निरखले आणि ब्रश पुन्हा निळ्यात बुडवला.

मी पाठ थांबवला नाही. शेवटच्या श्लोकापर्यंत म्हटला.

"हिला रंग द्यायचा राहूनच गेला होता गं," म्हणाले. मग स्वतःच्या नव्या सदऱ्याकडे पाहिले आणि जरा संकोचून विचारले, "आज आपल्याला कुठं जायचंय का?"

"हो," म्हटले. "दोघांनी जायचंय."